नवदर्पणचे शेअर घ्यावेत की नाही

शेअर घेण्याआधी कंपनी पारखून घ्यावी, असं शहाणी माणसं सांगतात. मी घरच्या पैशांसाठी जन्मात एकच कंपनी पारखली. त्या पारखण्यात माझा एक नवा रेशमी झब्बा, चष्म्याची एक काच आणि लखनौच्या विकासनगरातली होती नव्हती तेवढी इभ्रत खर्ची पडली. म्हणून हल्ली मला कुणी "हा शेअर कसा आहे हो?" असं विचारलं की मी उलट विचारतो, "कंपनीच्या मालकानं तुम्हाला चहा पाजलाय का?" पाजला असेल तर पुढे बोलण्यात काही अर्थ नसतो.

गोष्ट शहाऐंशी सालची. मी तेव्हा लखनौला एका बँकेच्या कर्जविभागात होतो. लोक मोठ्या उमेदीनं योजना घेऊन येत, कुणी साबणाचा कारखाना काढणार, कुणी बर्फाचा, आणि त्या का चालणार नाहीत हे मी इंग्रजीत लिहून वर पाठवत असे. या कामात माझा हातखंडा होता. वरिष्ठ म्हणत, "आगाशेच्या टेबलावरून जी फाइल पुढे गेली ती कंपनी बुडणार नाही." ते खरंच होतं, कारण माझ्या टेबलावरून फारशी कुठली फाइल पुढे जातच नसे.

त्या दिवसांत शेअरचं वारं नुकतंच सुटलं होतं. आमच्या बँकेतला चपराशीसुद्धा पाण्याचा ग्लास ठेवता ठेवता "साहब, नया इश्यू कब खुल रहा है?" असं विचारी. मी मात्र पोस्टाच्या पलीकडे कधी गेलो नव्हतो. हलवायाच्या पोरानं मिठाईला हात लावू नये, तसा माझा नेम होता. तो मोडला अण्णांमुळे.

अण्णा म्हणजे माझे वडील. मिरजेत गणिताचे मास्तर होते. आदल्या वर्षी आई गेली आणि मी त्यांना लखनौला घेऊन आलो. मिरजेत हा माणूस सकाळी कोथिंबिरीची जुडी आणायला निघाला की दुपारी जेवायच्या वेळेला परत येई, इतका बोलका. रस्त्यात भेटेल त्याच्याशी राजकारण, पाऊसपाणी, अपूर्णांक, काय वाटेल ते बोलत. लखनौत आल्यावर मात्र त्यांचं बोलणं आटलं. त्यांना हिंदी येत नव्हतं असं नाही. त्यांना चुकायला आवडत नव्हतं. जन्मभर दुसऱ्यांच्या चुकांवर लाल शाई चालवलेला माणूस, तो या वयात भाजीवाल्यासमोर कसा चुकणार? माझी मुलगी गीता त्यांचं सगळं मराठी समजायची, पण उत्तर द्यायची ते हिंदीत. "आजोबा, मुझे होमवर्क करना है," म्हटलं की अण्णा मान हलवत आणि दूरदर्शनवरचा शेतीचा कार्यक्रम बघत बसत.

एके दिवशी जेवताना त्यांनी जाहीर केलं, "दिवाळी झाली की मी मिरजेला जातो. तिथं एकटा राहीन."

"एकटे तिथं कुणाशी बोलणार?" सरोजनं, म्हणजे माझ्या बायकोनं विचारलं.

"निदान कुलपाशी तरी मराठीत बोलेन," अण्णा म्हणाले, आणि त्यांनी मला तिकीट काढायला लावलं.

सरोज त्या रात्री रडली. मला रडणं जमत नाही. मी तिकीट काढलं आणि नुसता चरफडत राहिलो. सत्तरीचा माणूस, रक्तदाब, दोन खोल्या आणि शेजारी कुणी नाही. पण अण्णांना "जाऊ नका" म्हणायची आमच्या घरात पद्धत नव्हती.

असं सगळं चाललेलं असताना एका सकाळी वर्तमानपत्रातून एक गुलाबी कागद पडला. 'नवदर्पण टेलिव्हिजन कंपनी लिमिटेड. अपने शहर का अपना टेलिव्हिजन. तार के ज़रिये सीधे आपके घर. सब भाषाओं में कार्यक्रम. आज ही हिस्सेदार बनिए.' कंपनीचा पत्ता विकासनगरातलाच, आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडचा.

अण्णांनी तो कागद दोनदा वाचला आणि माझ्यापुढे धरला. "सब भाषाओं में म्हणजे मराठीतही असेल ना रे, नंदू?"

कित्येक आठवड्यांत अण्णांनी आपणहून विचारलेला हा पहिला प्रश्न होता. मी म्हणालो, "असेल की."

"मग माझ्या फंडाच्या ठेवीची मुदत संपलीय ना, ते पैसे घाल यात."

मी म्हणालो, "अण्णा, कंपनीची तपासणी केल्याशिवाय पैसे घालायचे?"

"मग कर तपासणी. तोच तुझा धंदा आहे ना?"

स्वयंपाकघरात सरोजनं मला कोपऱ्यात घेतलं. "हे बघा, पैसे बुडाले तरी चालतील, पण घरात मराठी लागलं पाहिजे. लागलं तर राहतील ते." पैसे बुडाले तरी चालतील, हे वाक्य मी माझ्या नोकरीत प्रथमच ऐकत होतो, आणि तेही घरच्या माणसाकडून. मी तिला गुंतवणुकीची मूलतत्त्वं समजावून सांगू लागलो, तर तिनं कुकर लावला आणि शिट्टीत माझं व्याख्यान बुडून गेलं.

नवदर्पणचे मालक बृजबहादुर श्रीवास्तव. मलिहाबादला त्यांची वाडवडिलांची दशहरी आंब्यांची बाग होती. त्यातली अर्धी विकून त्यांनी ही कंपनी काढली होती. मी गेलो तो जूनचा महिना. साहेब पांढऱ्या अंगरख्यात दारातच उभे होते.

"आगाशे साहब! ज़हे-नसीब। तशरीफ़ लाइए।"

मी बसलो आणि बँकेत विचारतो तसा सरळ पहिला प्रश्न विचारला, "कंपनी की संपत्ति क्या है?"

"सब आपकी ही है, हुज़ूर।"

"नहीं, मतलब, देनदारी कितनी है?"

"देनदारी तो बस दोस्तों की मुहब्बत की है। वह कहाँ चुकती है!"

"और मुनाफ़ा?"

श्रीवास्तव साहेबांना या शब्दानं किंचित वाईट वाटलेलं दिसलं. त्यांनी आंब्याची परात माझ्याकडे सरकवली. "मुनाफ़ा तो आनी-जानी चीज़ है। आप यह दशहरी चखिए, सुबह ही टूटी है।"

मी चाखला. मग दुसरा चाखला. किती चाखले ते माझ्या लक्षात राहिलं नाही, एवढंच सांगतो. मालमत्ता म्हणून मला शेवटी बैठकीची खोली दाखवण्यात आली. तिथं एक हिरवा पडदा, दोन व्हिडिओ, एक लग्नात वापरतात तसला कॅमेरा आणि साहेबांचे मेहुणे होते. मेहुणे तांत्रिक संचालक होते. खिडकीतून एक काळी तार बाहेर गेली होती, आणि तीच पुढे छपरांवरून घराघरांत पोचली होती. परत येताना माझ्या हातात आंब्यांची करंडी होती.

अण्णांनी दारातच विचारलं, "कशी आहे कंपनी?"

"आंबे चांगले आहेत," मी म्हणालो.

मग मी ठरवलं की मालकाला विचारण्यात अर्थ नाही, गिऱ्हाइकांना विचारावं. एका रविवारी मी तारेच्या मागोमाग निघालो. ही तार विजेच्या खांबांना शिवत नव्हती. ती एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीला वळसा घालून, कुणाच्या कठड्याला सुतळीनं बांधलेली अशी चालली होती. जागोजागी जोड होते आणि त्यांवर काळी चिकटपट्टी. बऱ्याच ठिकाणी तिच्यावर धुणं वाळत होतं. एका घरी मी विचारलं, "पिक्चर कैसी आती है?"

"माशाअल्लाह, जब आती है तो बहुत उम्दा आती है।"

"और कब आती है?"

"अब यह तो, भाईसाहब, उसकी मर्ज़ी। आप चाय लेंगे या शरबत?"

प्रत्येक घरी हेच. दुपारपर्यंत माझ्या पोटात इतका चहा झाला की चालताना मला स्वतःचा आवाज ऐकू येत होता, आणि कंपनीविरुद्ध एक शब्द मिळाला नव्हता. महिन्याचे पैसे किती देता असं विचारल्यावर मात्र सगळे घुटमळले. पुढं मला कळलं ते असं: श्रीवास्तव साहेबांना पैसे मागायची लाज वाटे, आणि त्यांच्यासारख्या घरंदाज माणसाच्या हातावर नोटा ठेवायची गिऱ्हाइकांना लाज वाटे. त्यामुळे कुणी खिरीचं भांडं पाठवी, कुणी गाजरहलवा. कंपनीचं उत्पन्न भरपूर होतं, पण ते सगळं संध्याकाळपर्यंत खाल्लं जाई.

आता कायद्याची बाजू. अशी तार टाकायला परवाना लागतो का, हे विचारायला मी एका सरकारी कचेरीत गेलो. तिथल्या बाबूंनी विचारलं, "तार ज़मीन के नीचे है?" मी म्हणालो, नाही. "खंभे पर है?" मी म्हणालो, नाही, हवेतून जाते. बाबूंनी फाइल बंद केली. "हवा हमारे यहाँ नहीं है।" दुसऱ्या कचेरीत हवा होती, पण ती विमानांची. तिसऱ्या कचेरीत सांगितलं की परवाना लागत नसेल तर तो लागत नाही असा दाखला लागेल, आणि तो दाखला द्यायला त्यांना तसा परवाना नाही. बँकेत मी लोकांना अशा कचेऱ्यांत पाठवतो तेव्हा त्यांना काय वाटत असेल, याची मला पहिल्यांदा कल्पना आली. पण कामावर गेल्यावर मी ती विसरून गेलो.

शेजाऱ्यांचे सल्ले चालूच होते. समोरचे वकीलसाहेब म्हणाले, शेअर वगैरे सोडा, अमीनाबादेत एखादा गाळा घ्या. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, गाळ्यापेक्षा म्हैस बरी. माझा मराठी मित्र श्रीपत मेश्राम तेवढा सरळ बोलला. तो मूळचा नागपूरचा, रेल्वेच्या सिग्नल खात्यात, आणि तारांच्या बाबतीत आमच्या सगळ्यांचा गुरू. तो गच्चीवर जाऊन बघून आला आणि म्हणाला, "हे काय सिग्नल आहे का भाऊ? असे जोड मी केले असते ना, तर आतापर्यंत मले निलंबित केलं असतं. पैसे नको टाकू."

"पण मराठी कार्यक्रम?"

श्रीपत अण्णांना फार मानी. दर रविवारी येऊन त्यांच्यापाशी बसायचा. "मग एक कर," तो म्हणाला, "आधी दाखवा म्हणावं. दिसलं तर पैसे."

मला हा विचार एकदम पटला. चाचणी उत्पादन! बँकेतही आम्ही हेच सांगतो. मी श्रीवास्तव साहेबांकडे जाऊन म्हटलं, आधी मराठी कार्यक्रम दाखवा. ते म्हणाले, "ज़रूर! क़ुर्बान जाऊँ, कब?" मी म्हणालो, तुमच्याकडे मराठी कार्यक्रम आहे का? ते म्हणाले, "आप हैं तो सब है।" याचा अर्थ असा निघाला की कार्यक्रम आपणच आणायचा. कॅमेरा, पडदा आणि चहा कंपनीचा.

मी मराठी मंडळातल्या लोकांना घरी बोलावून विचारलं. एकीनं पाककृती सांगायची तयारी दाखवली, एकानं शिट्टीवर भावगीतं. अण्णा कोपऱ्यात बसून ऐकत होते. ते हळूच म्हणाले, "मी थोडं बोललो तर चालेल का? आमच्या मिरजेत तंबोरे कसे करतात, त्यावर? त्यात गणित पुष्कळ आहे."

सरोजनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "अर्धा तास तुमचा."

त्या दिवसापासून अण्णा बदलले. सकाळी उठून ते भिंतीशी बोलू लागले. घड्याळ लावून अर्ध्या तासात बसवू लागले. पण तिकीट त्यांनी पाकिटात जपून ठेवलं होतं, आणि मी ते रोज चोरून बघत होतो.

दिवस कोणता धरायचा हा प्रश्न माझ्याकडे आला, आणि इथंच माझी बुद्धी उजळली. दिवाळीचा पाडवा! साडेतीन मुहूर्तांतला अर्धा मुहूर्त, आणि कार्यक्रमही अर्ध्या तासाचा. मिरजेत पाडव्याला दुकानं नवा व्यवहार सुरू करतात. याहून शुभ दिवस कुठला? आम्ही दर दिवाळीला गावी जात असू, पण त्या वर्षी अण्णा इथं होते म्हणून आम्ही प्रथमच लखनौत दिवाळी करणार होतो. मी श्रीवास्तव साहेबांना दिवस सांगितला.

"परेवा के दिन?" पाडव्याचं तिकडचं नाव घेत साहेबांनी विचारलं. त्यांनी छताकडे पाहिलं, मग मेहुण्यांकडे पाहिलं. मेहुण्यांनी खाली पाहिलं.

"कोई दिक़्क़त?" मी विचारलं.

"आप फ़रमाएँ और दिक़्क़त हो? जैसा आप मुनासिब समझें।"

श्रीपतला सांगितलं तर तो दचकलाच. "पाडव्याले? नको ना करू भाऊ! दुसरा कोणताही दिवस घे."

श्रीपत बौद्ध. दसऱ्याला रजा काढून नागपूरला दीक्षाभूमीवर जायचा, दिवाळीला कामावर. मुहूर्त वगैरे मानणाऱ्यांतला तो नव्हता, आणि यावरून आमचे मित्रत्वाचे वाद नेहमी होत. मी समजुतीच्या सुरात म्हणालो, "श्रीपत, तू मुहूर्त मानत नाहीस हे मला ठाऊक आहे."

"अरे मुहूर्ताचं नाही बा! मी दरसाल इथंच असतो, त्या दिवशी सारे लोक..."

"सारे लोक मानतात म्हणून नव्हे, पण अण्णांच्या मनाचा तरी विचार करशील की नाही?" यानंतर मी सहिष्णुता या विषयावर चांगला पाऊण तास बोललो. श्रीपतनं दोनदा तोंड उघडलं. मी ते त्याला उघडं ठेवू दिलं नाही.

"ठीक आहे," तो शेवटी उठत म्हणाला. "तू कर तुझा पाडवा. मी पक्कड आन् शिडी घेऊन येतो."

पाडव्याच्या दिवशी सरोजनं मला ओवाळलं. मी नवा रेशमी झब्बा घातला. अण्णांनी काळा कोट आणि टोपी घातली, सवयीनं छत्री घेतली, आणि गीताला घेऊन दुपारीच श्रीवास्तवांकडे गेले. आमच्या घरी मंडळाची सगळी माणसं जमली. फराळाची ताटं मांडली. चार वाजता कार्यक्रम होता. मी सहज म्हणून गच्चीवर गेलो, आणि जिन्याच्या तोंडाशीच उभा राहिलो.

सगळं लखनौ गच्चीवर होतं. म्हातारे, तरणे, बायका, पेन्शनर, समोरचे वकीलसाहेब, सगळे माना वर करून उभे. आकाशात पतंगांना जागा नव्हती. जिकडेतिकडे "वो काटा!" असा ओरडा आणि कर्णे. वकीलसाहेबांच्या बोटांना पट्ट्या होत्या आणि डोळ्यांत मी कोर्टात कधी न पाहिलेलं तेज होतं.

"यह क्या है?" मी विचारलं.

"जमघट है, भाईसाहब! दिवाली के अगले दिन पूरा शहर पतंग उड़ाता है। आपको मालूम नहीं?"

आणि या सगळ्या पतंगांच्या मधून, गच्चीगच्चीवरून, माझ्या वडिलांची तार गेली होती.

खालून सरोजनं हाक मारली. मी धावत आलो. पडद्यावर अण्णा होते! टोपी सरळ करत ते म्हणाले, "नमस्कार, मंडळी." आमच्या खोलीतल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी म्हणालं, "अगं बाई, मराठी!" एवढ्यात पडद्यावर मुंग्या आल्या आणि अण्णा त्यांत विरघळले.

मी उलट्या पावली गच्चीवर. आमच्या गच्चीवरची तार बरी होती. पलीकडे एका गृहस्थांचा मांजा तिच्यात अडकला होता आणि ते दोन्ही हातांनी ओढत होते. जोड सुटला. मी कठडा ओलांडला, तिथं माझा झब्बा खिळ्यात अडकला आणि कमरेपासून खाली फाटला. मी दोन्ही टोकं पकडली, एकमेकांना टेकवली आणि दोन्ही हात वर करून ओरडलो, "दिसतंय का?"

सरोज काही बोलली ते कर्ण्यांत ऐकू आलं नाही. वकिलीणबाई मात्र त्यांच्या खिडकीतून ओरडल्या, "आ रहा है भाईसाहब, बहुत अच्छा आ रहा है! हिलिए मत!"

मी हाललो नाही. नाकावर माशी बसली तरी हाललो नाही. एक कापलेला पतंग माझ्या चष्म्यावर आदळून काच घेऊन गेला, तरी मी उभा. खूप वेळानं श्रीपत शिडी घेऊन वर आला, माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "काऊन उभा आहेस असा?"

"दिसतंय ना अण्णा?"

"कुठं दिसतात? तुझ्या घरी नुसत्या मुंग्या आहेत."

वकिलीणबाईंना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आप इतनी मेहनत कर रहे थे, दिल कैसे तोड़ती?"

मग आम्ही दोघं तारेच्या मागं लागलो. श्रीपत एक जोड बांधी, तोवर पुढचा सुटलेला असे. एका गच्चीवर लोकांनी मोठ्या अदबीनं विचारलं, "इजाज़त हो तो यह तार ज़रा नीचे कर दें?" पाहतो तो तार आधीच खाली गुंडाळून ठेवलेली. असं करत करत आम्ही थेट श्रीवास्तवांच्या घरापाशी पोचलो. तिथं मूळ तारच खिडकीतून निसटून खाली गुलाबाच्या कुंडीत पडली होती. म्हणजे विकासनगरात कुठंच काही दिसत नव्हतं. अण्णा हिरव्या पडद्याशी बोलत होते.

"जा, थांबव त्यायले," श्रीपत म्हणाला. त्याचाही चेहरा पडला होता.

मी आत गेलो. खोलीत श्रीवास्तव साहेब, त्यांच्या पत्नी, त्यांच्या वृद्ध आई, मेहुणे आणि शेजारची चारसहा माणसं जमिनीवर बसली होती. कॅमेऱ्याचा लाल दिवा जळत होता. अण्णांनी फळ्यावर तंबोरा काढला होता आणि तारेची लांबी निम्मी केली की स्वर कुठं जातो ते सांगत होते. हात हलत होते, टोपी मागे सरकली होती, आवाज मिरजेच्या वर्गातला. शेजारी गीता उभी होती आणि प्रत्येक वाक्य हिंदीत करून सांगत होती, कुठंही न अडखळता. "आजोबा, फिर कद्दू कितने दिन सुखाते हैं?" ती तंबोऱ्याच्या भोपळ्याबद्दल विचारी. अण्णा मराठीत उत्तर देत. आपण दोन भाषांत बोलतोय याचा दोघांनाही पत्ता नव्हता.

मी तोंड उघडलं. श्रीवास्तव साहेबांनी ओठांवर बोट ठेवलं आणि माझ्या फाटक्या झब्ब्याकडे न बघता मला हाताला धरून खाली बसवलं. मग अण्णांकडे वळून ते म्हणाले, "सुब्हानअल्लाह!" म्हाताऱ्या आईंनी मान हलवली.

अर्ध्या तासाचे दीड तास झाले. मी तिथं बसून होतो, एका डोळ्यानं बघत. आई गेल्यापासून मी अण्णांना असं बोलताना पाहिलं नव्हतं.

अंधार पडताना आम्ही घरी निघालो. गीता पुढं पळाली. रस्त्यावर तुटलेले पतंग पडले होते. कार्यक्रम कुणालाच दिसला नाही हे अण्णांना कळलं तर उद्याच सामान बांधतील, या भीतीनं मी ठरवून टाकलं. जन्मात कुठल्या अहवालात खोटं लिहिलं नव्हतं, ते त्या दिवशी बोललो. "अण्णा, फार छान झालं. सगळीकडे अगदी स्वच्छ दिसलं."

"थापा मारू नकोस," अण्णा म्हणाले. "मी नमस्कार म्हटला आणि माझ्यासमोरच तार खिडकीतून सटकली."

मी उभाच राहिलो. "मग तुम्ही थांबला का नाहीत?"

"अरे, ती सगळी माणसं इतकी मन लावून ऐकत होती. मध्येच तार तुटल्याचं सांगितलं असतं तर श्रीवास्तवांना किती ओशाळं झालं असतं!" थोडं चालून ते पुढं म्हणाले, "आणि त्यांच्या आईंना तंबोऱ्याच्या जवारीबद्दल, म्हणजे तारेला तो झंकार कसा येतो ते, ऐकायचंय. ते आज राहूनच गेलं. पुढच्या रविवारी बोलावलंय त्यांनी. मी चुकतमाकत हिंदीतच सांगेन म्हणतो."

"पण परवाचं तिकीट?"

"ते रद्द करून टाक. धडा अर्धा टाकून मास्तर गावाला जातो का कुठं?"

मला त्या रस्त्यात त्यांना मिठी मारावीशी वाटली. आमच्या घरात तीही पद्धत नव्हती, म्हणून मी नुसती त्यांची छत्री हातात घेतली. अण्णा पुढं सहा वर्षं लखनौत राहिले, अखेरपर्यंत. भाजीवाले त्यांना 'मास्टर साहब' म्हणत, आणि कोथिंबिरीला निघालेला माणूस पुन्हा दुपारीच परत यायला लागला.

घराच्या फाटकाशी अण्णा थांबले. "बरं, त्या शेअरचं काय ठरवलंस? झाली का तपासणी?"

आता खोटं बोलायचं कारण उरलं नव्हतं. "अण्णा, कंपनी बुडणार. हिशेब नाही, वसुली नाही, तार सुतळीनं बांधलेली. वर्षभर तगली तरी पुष्कळ."

अण्णांनी काळजीनं माझ्याकडे पाहिलं. "वर्षभरच? मग उशीर कशाला करतोस? उद्या सकाळीच जाऊन पैसे भरून ये."